नुसतें पाहणें

आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक परवां मधल्या सुटींत चहाचा पेला हातांत घेऊन माझ्या टेबलाशीं आले आणि म्हणाले, "तुमच्या नैयायिकांचें एक मत आतां मोडींत काढावें लागणार. शब्दाचें ग्रहण कानच करतो, असें तुम्ही मुलांना शिकवितां ना? आतां तो डोळ्यांनाही दिसूं लागला आहे." अठ्ठावीस वर्षें तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एवढें वाक्य पुरेसें असतें. आमचा वाद त्या सुटींत संपला नाहीं. पुढचे कांहीं दिवस तो चालूंच राहिला. त्याचा शेवट मात्र शास्त्राच्या प्रांतांत न होतां माझ्या स्वतःच्या घरांत झाला, म्हणून तो येथें मांडावासा वाटतो.

ते ज्या यंत्राविषयीं बोलत होते त्याचें तत्त्व समजावयास कठीण नाहीं. त्याचा अर्धा भाग बहुतेकांच्या स्वयंपाकघरांत आहे. गॅस पेटविण्यासाठीं आपण जो खटक्याचा लायटर वापरतों, त्यांत बॅटरी नसते. खटका दाबला कीं आंतील एक लहानशी हातोडी चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या एका कांडीवर आपटते, त्या आघातानें कांडीच्या दोन टोकांमध्यें हजारों व्होल्टांचा विद्युद्दाब उत्पन्न होतो आणि ठिणगी उडते. दाबल्याबरोबर विजेचा प्रभार प्रकट करण्याचा हा गुण प्येर क्यूरी आणि त्याचा वडील भाऊ झाक यांनीं १८८० सालीं क्वार्ट्झ, टूर्मलीन इत्यादि स्फटिकांत शोधून काढला. अशा पदार्थाला वीज दिली तर उलट तो आकुंचन-प्रसरण पावला पाहिजे, हें लिपमन यानें पुढच्याच वर्षीं गणितानें सांगितलें आणि क्यूरी बंधूंनीं तें प्रयोगानें पडताळून पाहिलें. मराठींत या गुणाला दाबविद्युत् असें नांव रूढ आहे. ध्वनि म्हणजे तरी काय? माध्यमांतून धांवणारा दाबाचा चढउतारच. तेव्हां ध्वनि अशा स्फटिकावर आदळला म्हणजे त्याच्या पृष्ठावर तितक्याच लयीनें विजेचा चढउतार होणार, हें ओघानेंच आलें. पहिल्या महायुद्धांत पाण्याखालच्या जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठीं लांझव्हँ यानें क्वार्ट्झच्या चकत्यांपासून हेंच काम करून घेतलें. आजच्या सोनोग्राफीचा मूळपुरुष तो.

यंत्राचा दुसरा अर्धा भाग आज पुष्कळांच्या खिशांत असतो. कार्बनी संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून विजेचा प्रवाह सोडला असतां ते थर प्रकाशतात. १९८७ सालीं ईस्टमन कोडॅक कंपनींतील टँग आणि व्हॅन स्लाइक यांनीं असा जो दिवा प्रसिद्ध केला, त्याचे थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ होते आणि दहा व्होल्टांहून कमी दाबावर तो हिरवा प्रकाश देत असे. यालाच ओलेड म्हणतात; चांगल्या मोबाइल फोनचा पडदा याच जातीचा असतो. आतां हे दोन अर्धे एकमेकांवर ठेवावयाचे: खालीं दाबविद्युत् पदार्थाच्या लहान लहान चौकटी, वर तशाच लहान लहान ओलेडच्या चौकटी. बॅटरीनें हे दिवे पेटण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवावयाचे. मग माणसाला ऐकूं न येणारा, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचा, श्राव्यातीत ध्वनि एखाद्या वस्तूवरून परतून या पडद्यावर पडला, कीं जेथें तो जोरानें पडेल तेथील दिवा अधिक उजळेल, जेथें पडणार नाहीं तेथील मंद राहील, आणि ध्वनीचा ठसा उघड्या डोळ्यांनीं पाहतां येईल. मध्यें गणकयंत्र नाहीं, आकडेमोड नाहीं. अमेरिकेंतील प्रयोगशाळांत गेल्या कांहीं वर्षांत अशीं यंत्रें तयार झालीं आहेत. ओलेडला पाण्याचें वावडें असतें आणि श्राव्यातीत ध्वनीचें काम तर बहुतेक पाण्यांत किंवा पाण्यानें भरलेल्या देहांत; तेव्हां करणाऱ्यांच्या अडचणी थोड्या नसणार.

अशा यंत्राची हौस कांहीं आजची नव्हे. १९३० नंतरच्या दशकांत लेनिनग्राडच्या सोकोलॉव्ह यानें क्वार्ट्झच्या तबकडीवर पडलेलें ध्वनीचें चित्र इलेक्ट्रॉनांच्या झोतानें वाचण्याची युक्ति काढली होती, तर जर्मनींत पोलमन यानें द्रवांत तरंगणारे अॅल्युमिनमचे बारीक कण ध्वनीच्या माऱ्यांत कसे वळतात आणि प्रकाश कसे परावर्तित करतात, यावरून चित्र उमटविलें होतें. शंभर वर्षें माणूस ध्वनि डोळ्यांनीं पाहण्याची खटपट करीत आहे. ही हौस कशाची, हा प्रश्न मला यंत्राहून अधिक मोठा वाटतो.

परंतु आधीं वादाचा मुद्दा. 'ध्वनीचा प्रकाश होतो' असें माझे मित्र म्हणाले, आणि असेंच सगळीकडे लिहिलें जातें. हें बोलणें सैल आहे. सोनोग्राफीच्या ध्वनीचीं कंपनें सेकंदाला तीस लाख धरलीं, तर हिरव्या प्रकाशाचीं त्याच्या सुमारें अठरा कोटि पट भरतात. एक दुसऱ्यांत विरघळत नाहीं. प्रकाशाला लागणारी शक्ति पुरविली ती बॅटरीनें. प्रकाश हिरवा कीं निळा, हें ठरविलें त्या कार्बनी रेणूच्या घडणीनें. ध्वनीनें केलें तें इतकेंच, कीं कोठें थोडें अधिक व कोठें थोडें कमी, अशी वाट मोकळी केली. पाटाच्या पाण्याचें दार पाटकरी उचलतो. शेत भिजतें तें पाण्यानें. भिजलेल्या वाफ्यावरून दार केवढें उचललें होतें याचा अंदाज येईल, पण पाटकरी काळा कीं गोरा, हें त्या वाफ्याला विचारून कळणार नाहीं. तेव्हां पडद्यावर दिसतो तो ध्वनि नव्हे. ध्वनीनें धाडलेला निरोप आहे, आणि तो निरोप्याच्या भाषेंत आहे.

मग हें ज्ञान प्रत्यक्ष कीं अनुमान? गौतमाच्या मतें इंद्रिय आणि विषय यांचा सन्निकर्ष झाल्यानें जें अव्यभिचारी, निश्चित ज्ञान उपजतें तें प्रत्यक्ष. डोळ्याचा विषय रूप, कानाचा विषय शब्द. शब्द हा आकाशाचा गुण आणि कान म्हणजे कानाच्या पोकळीनें मर्यादित झालेलें आकाशच. या वाटणींत एकानें दुसऱ्याच्या घरांत जावयाचें नाहीं. असें असलें तरी आपले नैयायिक वाटतात तितके सोंवळे नव्हते. दुरून चंदनाचें खोड पाहून माणूस 'सुगंधी चंदन' असें म्हणतो. वास नाकापर्यंत आलेला नाहीं, तरी सुगंध जणूं डोळ्यांनींच पाहिला. हें काय? नव्य नैयायिकांनीं यासाठीं ज्ञानलक्षण नांवाचा एक अलौकिक सन्निकर्ष मानला आणि हें ज्ञान प्रत्यक्षांतच जमा केलें. वेदान्तपरिभाषा लिहिणाऱ्या धर्मराजाध्वरीन्द्रानें तें नाकारलें: चंदनापुरतें तें ज्ञान प्रत्यक्ष, सुगंधापुरतें परोक्ष. विद्यार्थिदशेंत ही चर्चा मला शब्दांचा कीस वाटे. या यंत्राविषयीं ऐकल्यापासून तसें वाटेनासें झालें आहे. कारण पडद्यावरील उजेड पाहून 'हा अमुक अवयव' असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तो नेमकें हेंच करीत असतो. उजेड प्रत्यक्ष, अवयव परोक्ष. आणि दोन्हींमधला सांधा पाहणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

माझ्या मित्रांनीं यावर जो प्रश्न टाकला तो मला टाळतां येण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "तुमचा डोळा तरी दुसरें काय करतो? प्रकाश डोळ्यांत शिरल्यावर मज्जातंतूंतून पुढें जाते ती वीजच. कानांतूनही वीजच जाते. मग डोळा हेंही एक यंत्र, आणि आमचें यंत्र हा दुसरा डोळा. त्याच्यावरच राग कां?" खरें आहे. योहान्नेस म्यूलर यानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलें कीं, संवेदनेची जात बाहेरच्या कारणावर नव्हे, तर कोणता मज्जातंतु जागा झाला यावर अवलंबून असते. अंधारांत डोळे मिटून बोटानें बुबुळ हलकेंच दाबावें. उजेडाचीं वर्तुळें दिसतात. बाहेर उजेड नसतो, फक्त दाब असतो. पण डोळ्याला उजेडाखेरीज दुसरी भाषाच येत नाहीं. दाबाचा प्रकाश करणारें यंत्र, म्हणजे, आपण जन्मतःच घेऊन आलों आहोंत.

इतकें मान्य करूनही एक फरक उरतो, आणि माझ्या मतें तोच महत्त्वाचा. डोळ्याची भाषा आपण पाळण्यापासून शिकलों. हातानें चांचपून, तोंडांत घालून, पडून, आपटून. १६८८ सालीं मॉलिनो यानें लॉकला विचारलें होतें, कीं जन्मांध माणसाला हाताच्या स्पर्शानें गोल आणि घन ओळखतां येत असून पुढें दृष्टि आली, तर तो नुसत्या पाहण्यानें ते ओळखील काय? १७२८ मध्यें चेसल्डन या शस्त्रवैद्यानें मोतीबिंदु काढलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली: त्या मुलाला प्रथम सर्व वस्तु आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत असें वाटलें आणि ओळखीच्या वस्तु त्याला पाहून ओळखतां येईनात. उघडा डोळा पुरा पडत नाहीं. डोळ्यालाही शिकवणी लागते, आणि ती इतर इंद्रियांनीं कान पिळून दिलेली असते. यंत्राच्या उजेडाला अशी शिकवणी कोण देणार? देहाच्या आंत हात घालून कोणी पडताळून पाहत नाहीं.

पडताळा न घेतल्यास काय होतें, याचें उदाहरण याच विद्येच्या इतिहासांत आहे. ऑस्ट्रियांतील डुसिक या वैद्यानें रोग्याच्या डोक्यांतून श्राव्यातीत ध्वनि आरपार सोडून मेंदूंतील पोकळ्यांचीं चित्रें काढण्याचा उद्योग केला. त्याचा निबंध १९४२ सालचा. देहाच्या आंतील चित्र ध्वनीनें काढण्याचा हा पहिला प्रयत्न म्हणून त्याचें नांव आजही घेतात. चित्रें मेंदूच्या पोकळ्यांसारखीं दिसत, त्यांवर निदानें बसविलीं जात. १९५२ मध्यें जर्मनींत ग्यूटनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, असलीं चित्रें कवटीच्या हाडाच्या कमीजास्त जाडीमुळेंच उमटतात. पाहणारा समजत होता मेंदू, आणि दिसत होती कवटी! धुकें पाहून धूर समजावा आणि डोंगरावर अग्नि आहे असें ठरवावें, हें आपल्या तर्कग्रंथांतील जुनें उदाहरण; डुसिकनें तें नव्यानें लिहिलें. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं मला शंका नाहीं. उलट, प्रामाणिक माणसाचीच अशी फसगत होते, कारण चित्र समोर असतां 'मी अनुमान करीत आहें' याची त्याला आठवण राहत नाहीं. आंकड्यांचा तक्ता समोर असता तर त्यानें दहा वेळां शंका घेतली असती. मला वाटतें, ध्वनि पाहण्याची जी हौस मी वर म्हणालों ती याचीच: आपल्याला अनुमानाचें ओझें नको असतें. प्रत्यक्षाला पुरावा मागत नाहींत, आणि पाहणाऱ्याला कोणी जाबही विचारीत नाहीं.

येथपर्यंत वाद पांडित्याचा होता. तो घरांत आला तो माझ्या मित्रांच्या एका सहज वाक्यानें. ते म्हणाले, "हें यंत्र स्वस्त झालें तर खेड्यांतल्या दवाखान्यांतही जाईल. मध्यें अर्थ सांगणारा तज्ज्ञ नको. यंत्र दाखवील, बाई पाहील. नुसतें पाहण्यांत काय वाईट आहे?"

हें वाक्य मीं पूर्वीं ऐकलें होतें. किंबहुना मींच उच्चारलें होतें. २००१ सालीं माझ्या पत्नीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिली मुलगी. नात्यांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं आडवळणानें सुचविलें, कीं ओळखीची एक जागा आहे, सोनोग्राफींत काय तें कळतें, पाहून घ्यावें. मला कायदा ठाऊक होता. भारतांत गर्भलिंगचिकित्सेवर पहिला कायदा केला तो १९८८ सालीं महाराष्ट्रानेंच. १९९४ मध्यें सबंध देशाचा कायदा झाला आणि गर्भाचें लिंग शब्दानें, खुणेनें किंवा अन्य कोणत्याही रीतीनें कळविण्यास त्यानें बंदी केली. या विषयावर मीं वर्गांत बोललों होतों, टाळ्याही घेतल्या होत्या. त्या बाईंना मीं स्पष्ट नकार द्यावयास हवा होता. मी दिला नाहीं. रात्रीं पत्नीला म्हणालों, "आपल्याला कांहीं करावयाचें नाहींच. पण नुसतें पाहायला काय हरकत आहे?" ती पोळ्यांचा डबा झांकीत होती. माझ्याकडे न पाहतांच तिनें विचारलें, "अहो, पाहिल्यावर न पाहिल्यासारखं राहतां येईल का तुम्हांला?"

मला उत्तर आलें नाहीं. आम्ही त्या जागीं गेलों नाहीं, पण तें तिच्यामुळें. माझ्या खात्यावर त्याचें पुण्य नाहीं. दुसरीही मुलगीच झाली. आज ती तेवीस वर्षांची आहे, आणि ही हकीकत तिला ठाऊक नाहीं. हा अंक घरीं येईल तेव्हां ती तो वाचील. त्या २००१ सालच्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें ९१३ मुली होत्या. २०११ सालीं ८९४. या दोन आंकड्यांच्या मागें किती घरांत 'नुसतें पाहूं' असें कोणी म्हणालें असेल, आणि त्यांपैकीं कितीजण स्वतःला सज्जन समजत असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतों. त्यांपैकीं बहुतेकांनीं त्या क्षणीं कांहींच ठरविलें नव्हतें, असें मला खात्रीनें वाटतें. मीं तरी ठरविलें नव्हतें. पाहण्याची इच्छा हाच एक निर्णय असूं शकतो, हें तर्कशास्त्राच्या अध्यापकाला त्याच्या घरांत, पोळ्यांच्या डब्याशीं उभ्या असलेल्या बाईनें शिकविलें.

म्हणून माझ्या मित्रांना मीं विचारलें: तुम्हांला जो मध्यस्थ नकोसा वाटतो, तो खरोखर अडगळ आहे काय? आजच्या सोनोग्राफींत ध्वनि देहांत जातो, परततो. देहांत त्याचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असें धरून यंत्र अंतरें काढतें. तज्ज्ञ त्या करड्या ठिपक्यांना नांवें देतो आणि कागदावर सही करतो. म्हणजे 'हें मीं असें समजलों' अशी कबुली देणारा एक माणूस तेथें उभा असतो. चूक झाली तर जाब विचारावयास एक तोंड असतें. न सांगण्याची शपथही त्यालाच घालतां येते. पडदाच बोलूं लागला म्हणजे ही कबुली नाहींशी होते, अनुमान मात्र कोठेंही गेलेलें नसतें. तें गुपचूप पाहणाऱ्याच्या डोक्यांत जाऊन बसतें आणि प्रत्यक्षाचें पागोटें घालून बाहेर येतें.

मित्रांनीं हेंही सहजासहजीं मानलें नाहीं. त्यांची आई गडचिरोलीकडच्या एका गांवीं त्यांच्या धाकट्या भावंडाच्या वेळीं बाळंतपणांतच गेली. मूल आडवें होतें आणि तें कोणाला कळलें नाहीं. "त्या सुइणीच्या हातांत असा एक दिवा असता तर?" असें ते म्हणाले, आणि मग बराच वेळ आम्ही दोघेही बोललों नाहीं. या प्रश्नाला माझ्यापाशीं न्यायशास्त्रांतील उत्तर नाहीं. त्या सुइणीच्या हातांत तो दिवा असावयास हवा होता. आडवें मूल ओळखणारा उजेड आणि मुलगी ओळखणारा उजेड एकाच बॅटरीवर चालतो, आणि पडद्याला त्यांतला भेद कळत नाहीं. तो भेद जिच्या हातीं दिवा जाईल तिलाच करावा लागणार, तिच्या भोंवतीं उभ्या असलेल्या सासू-नवऱ्यांच्या गर्दींत. तिला हा दिवा देतांना पाहण्याची विद्याही द्यावी लागेल, आणि न सांगण्याचें बळही. पहिलीसाठीं पाठ्यपुस्तक लिहितां येईल. दुसरें कोणत्या खात्यानें पुरवावयाचें, हें मीं त्यांना विचारलें, त्यांनींही मला विचारलें.

गेल्या महिन्यांत थोरल्या मुलीची सातव्या महिन्याची सोनोग्राफी होती. जावई परगांवीं असल्यामुळें तिच्या सोबत मी गेलों. भिंतीवर 'येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं' ही पाटी होती. डॉक्टरीणबाईंनीं मला आंत बोलावून एका कोंपऱ्यांत उभें केलें. पडद्यावर करडा पाऊस पडत होता. मला त्यांत कांहींही ओळखतां आलें नाहीं, आणि प्रथमच त्याचें बरें वाटलें. त्या मुकाट्यानें मापें घेत होत्या. मग म्हणाल्या, "ठोके ऐकायचेत, आजोबा?" आणि एक कळ दाबली. हलत्या हृदयावरून परतणाऱ्या ध्वनीचीं कंपनें किंचित् बदलतात, आणि तो फरक नेमका माणसाच्या कानाच्या आटोक्यांत पडतो. तोच तेवढा वेगळा काढून ऐकवितात, असें माझ्या मित्रांनीं मला सांगितलें होतें. खोलींत घोडा दौडत यावा तसा आवाज भरला. मिनिटाला दीडशेंच्या घरांत ठोके. मीं डोळे मिटून घेतले.

"बाबा, पाहा ना," मुलगी म्हणाली.

"ऐकूं दे," मी म्हणालों.